कर्करोगाची शस्त्रक्रिया व त्वचारोपण : घरी घ्यावयाची काळजी

लहानपणी चुलीवर किंवा स्टोव्हने पाय भाजतो. जखम भरते, पण तेथे आकसलेला व्रण राहतो. वर्षानुवर्षे तो अधूनमधून चिघळतो व पुन्हा बरा होतो. मग वीस-तीस वर्षांनी तो भरेनासा होतो, कडा जाड व उंच होतात, धक्का लागला तरी रक्त येते. अशा जुन्या व्रणात त्वचेचा कर्करोग उद्भवू शकतो. मार्जोलिन या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८२८ साली अशा व्रणांचे वर्णन केले, म्हणून यास ‘मार्जोलिनचा व्रण’ म्हणतात.

यावर मुख्य उपाय म्हणजे भोवतालच्या निरोगी कातडीच्या काठासह व्रण काढून टाकणे. त्यामुळे पडणारी मोठी जखम टाके घालून मिटत नाही. म्हणून मांडीवरील कातडीचा पातळ थर काढून तेथे लावतात. रुग्ण घरी येतो तेव्हा त्याच्या अंगावर दोन जखमा असतात आणि एक रिपोर्ट यायचा असतो. या तिन्हींकडे लक्ष हवे.

लावलेली कातडी

या कातडीला सुरुवातीस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस ती खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगते. नंतर बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात आणि साधारण आठवडाभरात ती रुजते. नुकतेच लावलेले रोप हलवले तर मरते, तसेच येथेही होते. कातडी सरकली किंवा तिच्याखाली रक्त वा पू साचला, तर ती धरत नाही.

रुजलेली कातडीही काही आठवडे नाजूकच असते. पाय खाली लोंबता ठेवून बसल्यास त्यात रक्त उतरते, फोड येतात व कातडी सुटते. म्हणून बसताना पाय स्टुलावर आणि झोपताना उशीवर ठेवावा. चालणे केव्हा व किती, हे सर्जननी सांगितल्याप्रमाणेच असावे आणि चालण्यापूर्वी सांगितलेली क्रेप पट्टी बांधावी. संडासास उकिडवे बसण्याऐवजी मध्ये भोक असलेली खुर्ची वापरावी. ड्रेसिंग भिजू देऊ नये व घरी उघडून पाहू नये.

मांडीवरची जखम

पुष्कळ रुग्ण तक्रार करतात, ‘ऑपरेशन पायाचे, पण दुखते मांडी!’ यात घाबरण्यासारखे काही नाही. वरचा थर निघाल्याने तेथील मज्जातंतूंची टोके उघडी पडतात, म्हणून ही जखम जास्त झोंबते. वेदनाशामक गोळी वेळेवर घ्यावी. ही जखम साधारण दोन ते तीन आठवड्यांत भरते. आतला चिकटलेला थर ओढून काढू नये, कारण त्याबरोबर नवी कातडीही निघते. तो आपोआप सुटतो. सुटलेली कड तेवढी स्वच्छ कात्रीने कापावी. दोन्ही जखमांवर हळद, राख, पाला किंवा कुणी सुचविलेले मलम लावू नये.

आहार

वरण, भात, अंडी खाल्ल्याने जखमेत पू होतो, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. तो खरा नाही. जखम भरण्यास प्रथिने लागतात. डाळी, उसळी, दूध, अंडी, शेंगदाणे, परवडल्यास मासे द्यावेत. लिंबू, पेरू, आवळा ‘आंबट’ म्हणून वर्ज्य करू नयेत. मधुमेह असल्यास रक्तातील साखर आटोक्यात हवी. विडी, तंबाखू व मिश्री पूर्ण बंद करावी. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि कातडीचे जगणे तर त्यांच्यावरच असते.

ताबडतोब डॉक्टरांकडे केव्हा जावे?

थंडी वाजून ताप, जखमेला दुर्गंधी, पू, वाढती वेदना, भोवती पसरणारा लालपणा, कातडी काळी पडणे किंवा पोटरी सुजून दुखणे, यांपैकी काहीही झाल्यास थांबू नये. रक्त येऊ लागल्यास पाय वर करून स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मधे उचलून पाहू नये, आणि दवाखाना गाठावा.

जखम भरल्यावर

नव्या कातडीत घाम व तेलाच्या ग्रंथी काम करीत नाहीत. ती कोरडी पडते, खाजते व तडकते. जखम पूर्ण भरल्यावर दिवसातून दोन-तीन वेळा खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन हलक्या हाताने लावावे, नखाने खाजवू नये. तेथे स्पर्श कमी कळतो, म्हणून गरम पाण्याची पिशवी वा चुलीची धग यांपासून जपावे. निदान वर्षभर तो भाग उन्हापासून झाकून ठेवावा.

रिपोर्ट व पुढील तपासणी

सर्वांत मोठी चूक येथेच होते. कातडी छान धरली, माणूस शेतावर जाऊ लागला की घरचे म्हणतात, ‘आता बरे झाले, एसटीचे भाडे कशाला घालवायचे?’ पण कातडी रुजली याचा अर्थ जखम मिटली, एवढाच. कर्करोग पूर्ण निघाला का, काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत त्याच्या पेशी होत्या का, हे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट सांगतो. त्यावरून पुन्हा शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लागतात का, हे ठरते. रिपोर्ट स्वतः मागून घ्यावा, सर्जनना दाखवावा आणि फाईलमध्ये जपून ठेवावा.

हा रोग परतायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून दिलेली एकही तारीख चुकवू नये. तारखांच्या मधल्या काळात दर महिन्यास जांघेत बोटांनी चाचपून पाहावे. पायाच्या कर्करोगाच्या गाठी प्रथम तेथे येतात व त्या बहुधा दुखत नाहीत, म्हणूनच दुर्लक्षित राहतात. नवी गाठ किंवा नव्या कातडीच्या कडेला न भरणारी जखम दिसल्यास तारखेची वाट पाहू नये. कर्करोगाच्या रुग्णांना उपचारासाठी प्रवास करताना रेल्वे व एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. त्यासाठीचे प्रमाणपत्र रुग्णालयातून मागून घ्यावे.

आणि ज्यांच्या घरी कुणाचा जुना भाजल्याचा व्रण वारंवार चिघळत असेल, त्यांनी तो एकदा डॉक्टरांना दाखवावा. लहान असतानाच काढला तर बहुधा पाय वाचतो, आणि माणूसही.