जुन्या जीपचे नवे एंजिन आणि स्टिअरिंगचा दांडा

पश्चिम दिल्लीतील मायापुरी हा जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा प्रसिद्ध बाजार आहे. मोडीत निघालेल्या गाड्यांची एंजिने येथे सुटी करून विकली जातात. जुन्या जीपसाठी असे एंजिन घेणारा मनुष्य लांबी, रुंदी व उंची मोजतो आणि ते आत मावेल अशी खात्री करून घेतो. परंतु एंजिन मावणे आणि गाडी सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंमध्ये बहुधा स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो.

अडचणीचे मूळ

महिंद्र कंपनीने भारतात तयार केलेल्या, उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या विलीज नमुन्याच्या जुन्या जीपमध्ये स्टिअरिंगची पेटी चॅसिसच्या उजव्या बाजूस, पुढच्या भागात बसविलेली असते. तेथून दांडा एंजिनाच्या कडेने तिरपा वर चालकाकडे येतो. पेटीतील वर्म आणि हा दांडा एकसंध असतात. मध्ये सांधा नसतो. साहजिकच दांड्याची वाट सरळ व ठरलेली असते. नव्या एंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, ऑइल फिल्टर किंवा डायनॅमो उजव्या बाजूस असेल, तर तो नेमका याच वाटेत येतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. एंजिन रबरी ठोकळ्यांवर बसविलेले असते व जोर लागताच ते एका अंगास कलते. जीपसारख्या उभ्या बसविलेल्या बहुतेक एंजिनांचा माथा, गाडी पुढे जाताना, चालकाच्या उजव्या हाताकडे झुकतो. अशा जीपमध्ये स्टिअरिंगही उजवीकडेच असते. म्हणून गाडी उभी असताना जे अंतर पुरेसे दिसते, ते चढावर पहिल्या गिअरमध्ये नाहीसे होऊ शकते. शिवाय खडबडीत रस्त्यावर जीपची चॅसिस पिळवटते आणि एंजिन व दांडा यांचे परस्परांतील स्थान आणखी बदलते. वळणावर दांडा अडकला, तर चालकाच्या हाती काहीच उरत नाही.

उपायांचा क्रम

दांड्याला हात लावण्यापूर्वी बाकीचे उपाय करून पाहावेत. प्रथम रिकामा ब्लॉक, गिअरबॉक्स व मॅनिफोल्ड एवढेच बसवून पाहावे. एंजिन थोडे डावीकडे किंवा मागे सरकवता येते. मात्र त्याबरोबर प्रोपेलर शाफ्टचा कोन, संपचे क्रॉसमेंबरपासूनचे अंतर आणि पंख्याचे रेडिएटरपासूनचे अंतर पुन्हा तपासावे लागते.

तेवढ्याने भागले नाही, तर मॅनिफोल्ड बदलावा. त्याच एंजिनाच्या दुसऱ्या गाडीतील मॅनिफोल्ड कधी कधी वेगळ्या दिशेने उतरणारा असतो. मॅनिफोल्ड आणि दांडा यांत निदान 20 ते 25 मिलीमीटर अंतर असावे व मध्ये पत्र्याचा उष्णतारोधक पडदा लावावा. नळी ठोकून चपटी करणे योग्य नव्हे, कारण त्यामुळे धूर बाहेर पडण्याचा मार्ग कोंडतो.

यानंतरच दांड्याची वाट बदलण्याचा विचार करावा. त्यासाठी युनिव्हर्सल जॉइंट वापरतात. एकाच सांध्यातून 30 अंशांचे वळण घेतले, तर चक्र एकसारखे फिरवूनही पुढचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे 15 टक्के जलद आणि दोनदा सुमारे 13 टक्के मंद फिरतो. हातास हा फरक जाणवतो. दोन सांधे समान कोनांत, एकाच पातळीत आणि मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत ठेवून बसविले, तर हा दोष नाहीसा होतो. तीन सांधे लागले, तर मधल्या दांड्याला बेअरिंगचा आधार द्यावाच लागतो. नाहीतर तो लोंबकळतो.

जीपचा एकसंध दांडा कापून त्याला रस्त्याकडेच्या वेल्डरकडून सांधा जोडून घेणे हा सर्वांत घातक उपाय होय. उष्णतेने पोलादाचा कस बदलतो आणि वेल्डिंगमधील चीर बाहेरून दिसत नाही. त्याऐवजी जिच्या टोकाला कारखान्यातच स्प्लाइन पाडलेले असतात अशी पेटी निवडावी. सांधे असलेल्या दांड्याचा आणखी एक लाभ आहे. समोरून धडक बसली असता एकसंध दांडा भाल्याप्रमाणे चालकाच्या छातीकडे येतो, तर सांध्यांचा दांडा मध्ये मोडून बाजूला वळू शकतो.

परीक्षा

मॅनिफोल्ड आणि दांडा यांच्यामध्ये मळलेल्या मातीचा गोळा ठेवावा. एकाने ब्रेक घट्ट दाबून पहिल्या व नंतर मागच्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडावा. दुसऱ्याने बाजूस उभे राहावे, गाडीच्या पुढे किंवा मागे कधीही नाही. मातीची उरलेली जाडी हेच खरे अंतर होय. नंतर एक चाक उंचवट्यावर चढवून चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार एंजिन बदलण्यास नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. दिल्ली परिसरात 10 वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये आदेश दिला व सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो उचलून धरला. तेव्हापासून एंजिन विकत घेण्यापूर्वी नियमांची ताजी स्थिती पाहणे भाग झाले आहे. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना दिलेला 'व्हिंटेज' दर्जाही मूळ रूप राखणाऱ्या गाडीसाठीच आहे. मूळ एंजिन दुरुस्त होण्याजोगे असेल, तर दांड्याचा प्रश्न मुळात उद्भवतच नाही, हेही खर्चाचा हिशेब करताना विसरू नये.