स्पर्धेचे यजमानपद आणि क्रीडागारांचे भवितव्य

१३ ऑगस्ट २०१७ रोजी लंडन येथील जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धांचा समारोप झाला. दहा दिवसांत सात लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली. उसेन बोल्ट आपल्या अखेरच्या शंभर मीटर शर्यतीत तिसरा आला. जस्टिन गॅटलिनने ती शर्यत जिंकली. त्याआधी जुलै महिन्यात याच मैदानावर अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धाही पार पडल्या होत्या. पुढे काही आठवड्यांतच खालच्या सज्ज्यातील खुर्च्या पुढे सरकविण्यात आल्या, धावमार्ग त्यांच्याखाली झाकला गेला आणि तेथे फुटबॉलचे सामने सुरू झाले. खुर्च्या पुढे-मागे सरकविण्याचे हे काम दिसावयास साधे असले, तरी त्याच्या खर्चावरून लंडनमध्ये मोठा वाद झाला. त्या वादाच्या निमित्ताने मोठ्या स्पर्धा, त्यांसाठी नगरांत लागणारी चढाओढ आणि स्पर्धेनंतर उरणारी क्रीडागारे या विषयाचा येथे विचार करावयाचा आहे.

यजमानपद कसे मिळते?

जागतिक मैदानी स्पर्धा प्रथम १९८३ साली हेलसिंकी येथे झाल्या. १९९१ पर्यंत त्या चार वर्षांनी होत. त्यानंतर दर दोन वर्षांनी भरू लागल्या. यजमान नगराची निवड आंतरराष्ट्रीय मैदानी क्रीडा महासंघाची परिषद करते. २०१९ पासून या संस्थेचे नाव 'वर्ल्ड अॅथलेटिक्स' असे आहे. इच्छुक नगर आपल्या राष्ट्रीय संघटनेमार्फत प्रस्ताव सादर करते, महासंघाची समिती जागेची पाहणी करते आणि मग परिषद निर्णय घेते. प्रस्तावात मुख्य मैदान, त्याच्या लगतचा सरावाचा धावमार्ग, निवास व वाहतूक यांचा तपशील असावा लागतो. सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे शासनाची आर्थिक हमी. २०२७ च्या स्पर्धांसाठी रोम नगर उत्सुक होते. परंतु इटलीच्या सरकारकडून ही हमी न मिळाल्याने ते मागे हटले आणि स्पर्धा बीजिंगकडे गेल्या.

प्रस्तावाची ही प्रक्रिया नेहमीच पाळली गेली, असे म्हणता येत नाही. २०२१ च्या स्पर्धा अमेरिकेतील यूजीन नगरास एप्रिल २०१५ मध्ये कोणतीही खुली चढाओढ न होता देण्यात आल्या, आणि त्यावर बरीच टीका झाली. टोकियो ऑलिंपिक लांबल्यामुळे त्या प्रत्यक्षात २०२२ मध्ये भरल्या.

धावमार्गाचे गणित

मैदानी स्पर्धांसाठी बांधलेले क्रीडागार नंतर रिकामे का राहते, याचे उत्तर बरेचसे धावमार्गाच्या मापांत आहे. प्रमाणित चारशे मीटर धावमार्गाची सरळ बाजू ८४.३९ मीटर आणि वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर असते. प्रत्येक पट्टी १.२२ मीटर रुंद. आठ पट्ट्या धरल्यास संपूर्ण अंडाकृतीची लांबी सुमारे १७७ मीटर आणि रुंदी सुमारे ९२.५ मीटर होते. म्हणजे नुसत्या धावमार्गासाठी साधारणतः चार एकरांचा आयत लागतो.

या अंडाकृतीच्या मधोमध १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असे फुटबॉलचे मैदान आखले, तर दोन्ही बाजूंना सुमारे १२ मीटर, परंतु गोलपोस्टच्या पाठीमागे जवळजवळ ३६ मीटर अंतर मोकळे राहते. एवढ्या अंतरावरून सामना पाहण्यास फुटबॉलचा प्रेक्षक नाखूष असतो. इकडे मैदानी स्पर्धांसाठी साठ-सत्तर हजार प्रेक्षक वर्षातून फार तर चार दिवस जमतात. क्रीडागाराचा वर्षभराचा खर्च ज्या खेळाने निघावयाचा, त्याला धावमार्ग अडचणीचा वाटतो. आणि ज्या खेळासाठी क्रीडागार बांधले, तो खेळ वर्षाचा खर्च पेलू शकत नाही. जर्मनीतील स्टुटगार्ट येथे १९९३ साली जागतिक स्पर्धा झाल्या. पुढे तेथील फुटबॉल संघासाठी मैदानाची पुनर्रचना करताना धावमार्ग काढूनच टाकण्यात आला. पॅरिसच्या स्ताद द फ्रान्सने वेगळी युक्ती योजिली. १९९८ मध्ये फुटबॉलच्या विश्वचषकासाठी बांधलेल्या या वास्तूत खालचा सज्जा मागे सरकविण्याची सोय मूळ आराखड्यातच होती. त्यामुळे २००३ च्या जागतिक स्पर्धा तेथे होऊ शकल्या. याच स्पर्धांत अंजू बॉबी जॉर्ज हिने लांब उडीत कांस्यपदक मिळविले. २०२४ च्या ऑलिंपिकमधील मैदानी स्पर्धाही याच वास्तूत पार पडल्या.

लंडनचा अनुभव

लंडनची कथा २०१७ च्या बरीच आधी सुरू होते. वेम्बली येथील जुने क्रीडागार विकत घेण्यासाठी राष्ट्रीय लॉटरीच्या निधीतून सुमारे १२ कोटी पौंड देण्यात आले होते. नव्या वास्तूत फुटबॉल, रग्बी आणि मैदानी खेळ या तिन्हींची सोय व्हावी, अशी अपेक्षा होती. डिसेंबर १९९९ मध्ये मैदानी खेळ त्या योजनेतून वगळण्यात आले. तरीही एप्रिल २००० मध्ये २००५ च्या जागतिक स्पर्धा लंडनला मिळाल्या! त्यांच्यासाठी उत्तर लंडनमधील ली खोऱ्यातील पिकेट्स लॉक ही जागा ठरली. तेथे चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षकांचे नवे क्रीडागार उभारावयाचे होते.

खर्चाचा अंदाज वाढत गेला. रेल्वे व रस्ते अपुरे असल्याचे दिसून आले. शासनाने पॅट्रिक कार्टर यांच्याकडून योजनेची तपासणी करविली आणि ऑक्टोबर २००१ मध्ये पिकेट्स लॉकचा बेत रद्द केला. त्याऐवजी शेफील्ड येथे स्पर्धा भरवाव्यात, असे ब्रिटनने सुचविले. महासंघाने ही सूचना नाकारली. प्रस्ताव लंडनचा होता आणि लंडन बदलावयाचे असेल तर सर्वच नगरांना पुन्हा संधी मिळाली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. शेवटी २००५ च्या स्पर्धा हेलसिंकी येथे झाल्या. मिळालेले यजमानपद परत करण्याची ही नामुष्की ब्रिटनच्या क्रीडाक्षेत्रास दीर्घकाळ सलत राहिली.

२००५ साली सिंगापूर येथे २०१२ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मागताना सेबॅस्टियन को यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने मैदानी खेळांसाठी कायमचे क्रीडागार मागे ठेवण्याचे आश्वासन दिले, यामागे हा पूर्वेतिहास होता. त्या आश्वासनास अनुसरून आराखडाही विचारपूर्वक करण्यात आला. ८० हजार बैठकांपैकी जमिनीलगतच्या २५ हजार कायमच्या. वरच्या ५५ हजार हलक्या पोलादी सांगाड्यावर बसविलेल्या. ऑलिंपिक संपले की लग्नाच्या मांडवाप्रमाणे वरचा सांगाडा उतरवावयाचा आणि २५ हजारांचे मैदान खेळाडूंच्या स्वाधीन करावयाचे, अशी कल्पना होती. बांधकामास सुमारे ४३ कोटी पौंड खर्च आला.

मात्र २५ हजारांच्या मैदानाचा चालू खर्च कोण सोसणार, हा प्रश्न आराखड्याने सोडविला नव्हता. मोठ्या फुटबॉल संघांना एवढे लहान मैदान नको होते. २०११ च्या प्रारंभी वेस्ट हॅम युनायटेड आणि टॉटनहॅम हॉट्स्पर या दोन संघांत चुरस झाली. टॉटनहॅमचा प्रस्ताव धावमार्ग काढून टाकण्याचा होता. त्याबदल्यात क्रिस्टल पॅलेस येथील जुने मैदानी क्रीडागार सुधारून देण्याची त्यांची तयारी होती. धावमार्ग राखण्याचे मान्य करणाऱ्या वेस्ट हॅमची निवड झाली. ती न्यायालयीन आव्हानांत अडकली आणि ऑक्टोबरमध्ये संपूर्ण व्यवहारच गुंडाळण्यात आला. क्रीडागार सार्वजनिक मालकीचे राहील व भाड्याने दिले जाईल, असे ठरले. या अनिश्चिततेमुळे २०१५ च्या जागतिक स्पर्धांचा प्रस्ताव लंडनने आधीच मागे घेतला होता.

११ नोव्हेंबर २०११ रोजी मोनॅको येथे महासंघाच्या परिषदेपुढे २०१७ साठी लंडन आणि दोहा ही दोन नगरे उभी होती. लंडनला १६ आणि दोहाला १० मते मिळाली. स्पर्धेतील बक्षिसांची ७२ लाख डॉलरची रक्कम आपण भरू, असे लंडनने आयत्या वेळी मान्य केले होते. दोहाला पुढे २०१९ च्या स्पर्धा मिळाल्या. प्रस्तुत लेखकाच्या मते या निर्णयाचे महत्त्व स्पर्धेपुरते नव्हते. त्यामुळे धावमार्ग निदान २०१७ पर्यंत उखडला जाणार नाही, ही गोष्ट पक्की झाली. पण त्याची किंमतही त्याच वेळी निश्चित झाली.

ही किंमत समजून घेण्यासारखी आहे. वरचा सांगाडा उतरविण्याकरिता बांधला होता, राहण्याकरिता नव्हे. आता तो कायम ठेवावयाचा, प्रेक्षकांवर पुरे छत घालावयाचे आणि खालच्या खुर्च्या सरकत्या करावयाच्या होत्या. मोठ्या छताचा भार घेण्यासाठी आधीची रचना बळकट करावी लागली. २०१५ मध्ये या फेरबदलाचा खर्च २७ कोटी २० लाख पौंड सांगितला जात होता. २०१६ मध्ये तो ३२ कोटी ३० लाखांवर गेला. ज्या वास्तूस ४३ कोटी लागले, तिच्या फेरबदलास आणखी ३२ कोटी! वेस्ट हॅमने या कामी दीड कोटी पौंड दिले आणि ९९ वर्षांच्या कराराने वार्षिक सुमारे २५ लाख पौंड भाड्यावर २०१६ पासून तेथे खेळण्यास सुरुवात केली. सामन्याच्या दिवशीच्या सुरक्षेचा व व्यवस्थेचा बराचसा भार मालकाकडेच, म्हणजे सार्वजनिक संस्थेकडे राहिला. खुर्च्या सरकविण्याचा वार्षिक खर्च प्रथम तीन लाख पौंड अंदाजिला होता. २०१६ अखेर तो ८० लाखांवर गेल्याचे उघड झाले. नगराध्यक्ष सादिक खान यांनी चौकशी करविली. क्रीडागार वर्षाला सुमारे दोन कोटी पौंडांचा तोटा सोसणार, असे २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अहवालातून दिसून आले.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. २०१७ च्या स्पर्धांना लोटलेली गर्दी खरी होती आणि धावमार्ग नसता तर ती जमलीच नसती. आक्षेप स्पर्धेवर नाही. वापराचा निर्णय बांधकामानंतर घेण्यावर आहे.

मँचेस्टर आणि शेफील्ड

याच देशातील मँचेस्टरने २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी क्रीडागार उभारताना उलट मार्ग धरला. स्पर्धा संपल्यावर येथे मँचेस्टर सिटी हा फुटबॉल संघ खेळेल, हे बांधकामापूर्वीच ठरले होते. स्पर्धेच्या वेळी सुमारे ३८ हजार बैठका होत्या. नंतर धावमार्ग काढला, मैदान खोल खणले आणि त्या खोलीत खालचा नवा सज्जा बसविला. २००३ मध्ये सुमारे ४८ हजार बैठकांचे क्रीडागार तयार झाले. मैदानी खेळाडूंसाठी शेजारचे सरावाचे लहान मैदान राखून ठेवण्यात आले. स्थानिक धावपटूला रोज हवे असते ते असेच मैदान. चाळीस हजार रिकाम्या खुर्च्यांचा त्याला काही उपयोग नसतो.

शेफील्डची हकीकत याहून कष्टदायक आहे. पोलाद उद्योग खालावलेल्या या नगराने १९९१ च्या जागतिक विद्यापीठ स्पर्धांसाठी २५ हजार बैठकांचे डॉन व्हॅली क्रीडागार बांधले. स्पर्धा दोन आठवड्यांच्या आत संपल्या, पण त्यांसाठी काढलेले कर्ज नगरपरिषद दोन दशकांहून अधिक काळ फेडीत राहिली. २००१ साली जागतिक स्पर्धांसाठी ब्रिटनने पर्याय म्हणून पुढे केलेले शेफील्ड ते हेच. ऑलिंपिक विजेती जेसिका एनिस येथेच सराव करून मोठी झाली. तिने सुवर्णपदक जिंकले त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, क्रीडागार बंद करून पाडण्यास काढण्यात आले. वर्षाला सुमारे सात लाख पौंडांचा तोटा नगरपरिषदेस झेपेना. सराव जवळच्या वुडबर्न रोडवरील जुन्या लहान मैदानाकडे गेला.

इतर नगरे

स्पेनमधील सेव्हिल येथे १९९९ च्या जागतिक स्पर्धांसाठी ला कार्तुहा हे सुमारे ६० हजारांचे क्रीडागार उभे राहिले. पुढेमागे ऑलिंपिक मिळेल, ही आशा त्यामागे होती. ऑलिंपिक मिळाले नाही आणि नगरातील दोन मोठे फुटबॉल संघ आपापली मैदाने सोडण्यास तयार झाले नाहीत. वास्तू अनेक वर्षे बहुतांशी रिकामी राहिली. हेलसिंकीने मात्र १९३८ चे एकच क्रीडागार १९५२ चे ऑलिंपिक आणि १९८३ व २००५ च्या जागतिक स्पर्धा यांसाठी वापरले. त्याच्या मनोऱ्याची उंची ७२.७१ मीटर, म्हणजे मात्ती यार्विनेन याच्या १९३२ मधील सुवर्णपदकाच्या भालाफेकीएवढी आहे. भालाफेकीचे एवढे कौतुक करणारा देश दुसरा क्वचितच आढळेल.

नीरज चोप्राने ८८.१७ मीटर भाला फेकून २०२३ साली जगज्जेतेपद मिळविले, ते बुडापेस्टचे क्रीडागारही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. स्पर्धेपुरत्या ३५ हजार बैठका आणि नंतर वरचा तात्पुरता सज्जा काढून कायमच्या १५ हजार, अशी त्याची योजना आहे. सज्ज्याच्या जागी लोकांना फिरण्यासाठी मार्ग ठेवला आहे. लंडनच्या मूळ कल्पनेशी तिचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल.

आपल्याकडे पुण्याजवळच्या बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारण्यात आले. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा तेथेच झाल्या. २०१३ च्या आशियाई मैदानी स्पर्धा चेन्नईहून हलवाव्या लागल्या तेव्हा त्याही येथेच भरल्या, याचे कारण मैदान आधीच उभे होते. आता तालुका व जिल्हा पातळीवर संकुलांचे प्रस्ताव तयार करताना प्रेक्षकांच्या बैठकांचा आकडा प्रथम लिहिला जातो. त्याऐवजी आसपासच्या किती शाळा पायी पोहोचू शकतील, पाणी व दिवे यांचा मासिक खर्च कोणत्या शीर्षाखाली पडेल आणि साधारण दहा-बारा वर्षांनी कृत्रिम पृष्ठभाग बदलण्यासाठी कोण तरतूद करील, हे रकाने आधी भरले तर बरे. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धांत स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत आठवी आली. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे दोहा आणि यूजीन येथे अंतिम फेरीत धावला. या दोघांची सुरुवात कोणत्याही भव्य क्रीडागारात झालेली नाही.

पिकेट्स लॉकचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. जेथे मोठे क्रीडागार व्हावयाचे होते, तेथे २००७ मध्ये ली व्हॅली अॅथलेटिक्स सेंटर सुरू झाले. बाहेर चारशे मीटरचा धावमार्ग आहे आणि छपराखाली दोनशे मीटरचा, कारण लंडनचा हिवाळा ओला असतो. प्रेक्षकांसाठी बैठका थोड्याच आहेत. संध्याकाळी शाळा सुटल्यावर तेथे मुले सरावाला येतात.