वापरात नसलेलं यंत्र बिघडतं कसं?

प्रश्न : आमच्या घराच्या तळघरात १९८० सालच्या पॅक-मॅनचं अमेरिकी बनावटीचं मूळ आर्केड यंत्र आहे. आधीच्या मालकाने शेवटचं बंद केलं तेव्हा ते नीट चालत होतं. मग बरीच वर्षं ते नुसतं उभं होतं. आता प्लग लावला तर चालूच होत नाही. हात न लावता ते बिघडलं कसं? आणि शोध कुठून सुरू करू?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आधी एक विनंती. पुन्हा पुन्हा बटण दाबून बघू नका. प्लग काढा आणि मगच मागचं दार उघडा.

उभ्या-उभ्या यंत्र बिघडतं ते मुख्यतः इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमुळे. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तो टिकायला अधूनमधून व्होल्टेज मिळावं लागतं. ते मिळालं नाही की थर क्षीण होतो. आतलं द्रावणही रबरी बुचातून हळूहळू सुकत जातं. शिवाय धातूचे सांधे हवेने काळे पडतात. चालू यंत्रात हे कळून येतं, बंद यंत्रात कुणाच्याच लक्षात येत नाही.

चालू होत नाही म्हणजे नेमकं काय होत नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वरच्या नावाच्या पाटीमागचा दिवा लागतो का? लागत असेल तर वायर आणि मुख्य फ्यूज बहुधा ठीक आहेत. लागत नसेल तर (ट्यूबच गेलेली नाही ना, हे पाहून) दारापाशी असलेला सुरक्षा-स्विच तपासा. दार उघडलं की वीज तोडणं हे त्याचं काम. दार नीट बसलं नाही किंवा स्विचचे सांधे खराब झाले, तर सगळं यंत्र मुकं होतं. फ्यूज डोळ्यांनी पारखू नका. होल्डरमधून काढून मल्टीमीटर लावा. नवा घालाल तो तेवढ्याच अँपिअरचा घाला.

दिवा लागतो पण पडदा काळाच, असं असेल तर नाणं टाकून पाहा. आवाज आला तर बोर्ड जिवंत आहे, दोष मॉनिटरकडचा आहे. तिथे मात्र स्वतः हात घालू नका. पिक्चर ट्यूबला वीसएक हजार व्होल्टचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही ती भार धरून ठेवते. ते काम जाणत्या माणसाचंच.

आवाजही नसेल तर माझा पहिला संशय बोर्डाच्या कडेला बसणाऱ्या ४४ पिनांच्या कनेक्टरवर. बऱ्याच यंत्रांत तयार ५ व्होल्ट बोर्डापर्यंत येतात. पॅक-मॅनमध्ये तसं नाही. तळाच्या ट्रान्सफॉर्मरमधून साधारण ७ व्होल्ट एसी येतात आणि त्यांचे ५ व्होल्ट डीसी बोर्डावरच होतात. म्हणजे सगळा जड प्रवाह त्या कनेक्टरच्या मोजक्या पिनांतून जातो. स्प्रिंग सैल पडली, सांधा काळवंडला की रोध वाढतो. समजा ४ अँपिअर प्रवाह आहे आणि सांध्याचा रोध पाव ओहम झाला, तर तिथेच १ व्होल्ट हरवतो आणि ४ वॅट उष्णता होते. त्या उष्णतेने सांधा आणखी खराब होतो, रोध आणखी वाढतो. मग रेग्युलेटरला ५ व्होल्ट द्यायला वाव उरत नाही. पिनांजवळचं प्लास्टिक तपकिरी झालंय का, बोर्डाच्या कडेवरच्या पट्ट्या जळक्या दिसतात का, ते पाहा.

व्होल्टेज मोजायचं ते पुरवठ्यापाशी नाही, चिपच्या पायापाशी. बोर्डावरच्या लॉजिक चिपना ४.७५ ते ५.२५ व्होल्टच चालतात. ४.५ मिळत असतील तर झेड८० प्रोसेसर बदलून काही उपयोग नाही. अनेक जण नेमकं तेच करतात आणि चांगल्या चिप उगाच उपटतात. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कनेक्टर भाजलेला असेल तर नवाच लावा. फुगलेला किंवा द्रव गळालेला कपॅसिटर बदला, धन-ऋण टोकं मात्र जपा.

व्होल्टेज बरोबर असून पडद्यावर अक्षरांचा कचरा येतो आणि यंत्र पुन्हापुन्हा पहिल्यापासून सुरू होतं? मग हे वॉचडॉगचं काम. प्रोग्रॅमने ठरावीक वेळात हजेरी दिली नाही, की हा मोजणी करणारा भाग प्रोसेसरला रीसेट करतो. तेव्हा साध्या गोष्टींपासून सुरुवात करा : सॉकेटमधल्या रॉम चिप एकेक काढून, पाय साफ करून, खाच त्याच दिशेला ठेवून परत बसवा. मूळ खेळाचा सगळा प्रोग्रॅम चार रॉममध्ये मिळून १६ केबीत मावतो, त्यामुळे तपासायचं फार नसतं.

जुना बोर्ड काढून साठ खेळांचा नवा बोर्ड लावून घ्या, असं कुणी सुचवेल. माझं मत विचाराल तर नको. तोरू इवातानी आणि त्यांच्या नामकोतल्या सहकाऱ्यांनी घडवलेला हा खेळ अजून मूळ बोर्डावर चालू शकतो, आणि त्यातला दोष बहुतेक वेळा चिपमध्ये नव्हे, एखाद्या सांध्यात सापडतो. मल्टीमीटरचे आकडे आणि पाटीचा दिवा लागतो की नाही, एवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगता येईल.