हायस्कूलच्या नव्या वस्तादास

चि. बाळास,


तू तालुक्याच्या हायस्कूलात क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झालास आणि शाळेमागची बंद पडलेली तालीम उघडायचं मनावर घेतलंस, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. फार समाधान वाटलं. पगार मिळेल तो तासांचा. तालमीचं काम त्याच्या आधी आणि नंतर. पहाटे हौदातली माती तूच उकरशील आणि शाळा सुटल्यावर मॅटही तूच पुसशील. मॅट रोज पुसायचीच, कारण गजकर्ण एका पोराला झालं की आठवड्यात साऱ्या तालमीला होतं.

खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आपल्या कराडला लागूनच. १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्य जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शाळा टिळक हायस्कूल, म्हणजे तेही हायस्कूलचेच पैलवान. पुढं ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. १९४८ ला लंडनमध्ये उतरले तेव्हा मॅटची सवय नव्हती, तरी सहावे आले. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. मुलांना ही गोष्ट सांगताना मी पदकापेक्षा त्या गहाणापाशीच जास्त वेळ थांबायचो. तूही थांब. मास्तर म्हणून आपला वंश तिथून येतो.

पण खाशाबा शोधायला तालीम उघडू नकोस. तुझ्याकडं येणारी बहुतेक पोरं दहावी-बारावीनंतर लंगोट खुंटीला टांगणार आहेत. कुणी शेती करील, कुणी पोलीस भरतीला जाईल, कुणी पुण्याला कंपनीत लागेल. त्यांची मान, गुडघे, पाठ आणि मूत्रपिंडं मात्र जन्मभर त्यांच्याबरोबर राहणार. ती शाबूत ठेवणं हे तुझं पहिलं काम. जिंकणं त्यानंतर.

म्हणून वजनाबद्दल सविस्तर लिहितो. तालुका स्पर्धेच्या सकाळी वजनकाट्यापाशी उभा राहा आणि नीट बघ. अंगात रेनकोट, त्यावर स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारणारी सातवी-आठवीतली पोरं दिसतील. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, आदल्या दुपारपासून पाण्याचा घोट नाही. एखादा तोंडात चिंच धरून डब्यात थुंकत बसलेला असतो, थुंकीनंही काही ग्रॅम जातात म्हणून. आणि शेजारी त्याला शाबासकी देणारा मोठा माणूस. तो मोठा माणूस तू व्हायचं नाहीस.

१९९७ च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर महिनाभराच्या आसपास एकामागून एक गेले. तिघेही वजन उतरवत होते. रबरी सूट घालून, गरम खोलीत व्यायाम करून. त्यानंतर तिथले नियम बदलले. तिथल्या हायस्कूल कुस्तीतही आता हंगामाच्या सुरुवातीला शरीरातलं पाणी आणि चरबी तपासतात. मुलाची चरबी ७ टक्क्यांच्या आणि मुलीची १२ टक्क्यांच्या खाली जाईल असा गट देत नाहीत. आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवू देत नाहीत. म्हणजे ४० किलोच्या पोरानं आठवड्यात फार तर ६०० ग्रॅम. हा हिशेब तालमीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेव.

२०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगटचं वजन अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली. रात्रभर घाम गाळला, केस कापले, तरीही. तिच्यापाशी डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. तुझ्या पोरांपाशी फक्त तू आहेस. वाढत्या वयाचा मुलगा वरच्या गटात गेला तर जाऊ दे. यंदा हरेल, पुढच्या वर्षी अंगानं भरेल.

नवीन पोराला आल्या आल्या डाव शिकवू नकोस. आधी पडायला शिकव, मान तयार करून घे, जोर-बैठका अंगी लागू देत. मग एकेरी पट. ढाक आणि कलाजंग बघून पोरं वेडी होतात, पण कच्च्या मानेचा पोरगा त्यात मोडतो. मातीवर पाठ टेकली की निकाल. मॅटवर गुणांचा हिशेब, मोठ्यांना तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथंच संपते. दोन्हीकडं खेळव, पण शालेय स्पर्धा मॅटवर होतात हे घरच्यांना पहिल्या दिवशीच सांग.

चैत्रातल्या जत्रांना पोरं जाणारच. तिथं जोड काट्यावर नाही, नजरेनं लागते. इनामाच्या मोहानं बाप पोराला दहा किलो जड गड्यासमोर उभा करतो. अशा वेळी तू आखाड्याच्या कडेला असायला हवंस, आणि ‘ही जोड होणार नाही’ असं पंचांना चारचौघांत सांगता आलं पाहिजे. परीक्षेच्या आठवड्यात मात्र जत्राच नको, असं बापाला घरी जाऊन सांग. चहा घे आणि सांग.

मुली येतील, त्यांना परत पाठवू नकोस. २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हापासून खेड्यातल्या आयाही विचारू लागल्या आहेत. सरावाला आणि प्रवासाला एक शिक्षिका किंवा पालक बाई बरोबर हवीच. सोय झाली नाही तर ती स्पर्धा सोड.

हरलेल्या पोराला परतीच्या एसटीत आपल्या शेजारी बसव. चुका दुसऱ्या दिवशी काढ. जिंकलेल्याची प्रमाणपत्रं शाळेच्या कपाटात जपून ठेव आणि दहावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव मुदतीत पाठव. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. एक हरवलेला कागद पोराची नोकरी घालवू शकतो.

शाळेकडून पैसे मिळतील तेव्हा आधी चांगला वजनकाटा घे, बाकी सामान नंतर. दर सोमवारी प्रत्येकाचं वजन वहीत लिही. काट्याला पैसे कमी पडले तर मला कळव, मी पाठवतो.

तुझा,
मामा