बुटावरची पाच अक्षरं



माझ्या चौथीच्या वर्गातला एकजण मामाने दिलेले ॲसिक्सचे बूट घालून आला. "बाई, याचा अर्थ काय?" मी म्हटलं, कंपनीचं नाव आहे, बस खाली. घरी येऊन शोधलं तर ती पाच लॅटिन शब्दांची आद्याक्षरं निघाली: अनिमा साना इन कॉर्पोरे सानो. जपानच्या किहाचिरो ओनित्सुका यांनी १९४९ साली सुरू केलेल्या बुटांच्या धंद्याला १९७७ मध्ये हे नाव मिळालं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर फोड केली. साना, सानो म्हणजे निरोगी. कॉर्पोरे म्हणजे शरीर. 'इन' तर मुलांनीच ओळखलं. अनिमा म्हणजे प्राण, आत्मा. मूळ वचनात अनिमाच्या जागी 'मेन्स' आहे, म्हणजे मन. आपलं संस्कृत 'मनस्' आणि हे 'मेन्स' एकाच मुळातले. अनिमा आणि 'प्राण' यांचंही तसंच, दोन्हींत श्वासाचा 'अन्' आहे.

"बाई, हे तर आपल्या व्हरांड्यात लिहिलंय!" खरंच की. 'निरोगी शरीरातच निरोगी मन असते.' मीच रंगवून घेतलेला सुविचार. तेवढ्यात पायाला कॅलिपर लावून येणारी एक मुलगी म्हणाली, "मग माझं मन आजारी आहे का?"

मला उत्तर देता येईना. संध्याकाळी पुन्हा वाचत बसले. हे वचन जुवेनाल या रोमन कवीच्या दहाव्या उपहासकाव्यातलं, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचं. माणसं देवाकडे पैसा, सत्ता, रूप, दीर्घायुष्य मागतात आणि त्यापायीच बुडतात, असं तो दाखवतो. मागायचंच असेल तर निरोगी शरीरात निरोगी मन मागा, म्हणतो. म्हणजे हे मागणं आहे! शरीर धड नसेल तर मनही धड नसतं, असं तो म्हणतच नाही. व्यायामाच्या प्रचारात वापरता वापरता मागणं गळून गेलं, आणि मराठीत आपण वर 'च' चिकटवला. (व्यायाम हवाच, त्याबद्दल वाद नाही.)

शनिवारी रंगाचा डबा आणला. नुसता 'च' पुसून भागेना, 'असते' उरतंच. मग मुलांनी अख्खं वाक्य बदललं: 'आमचं मन निरोगी असू दे, शरीरही निरोगी असू दे.' मन आधी लिहायचं, हे तिनंच सुचवलं.