वाटणीपत्रातील माणसे

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील लोकांना तो अर्पण केला. पुढे १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९४६ साली त्यांनी निग्रो समाजाचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. म्हणजे अमेरिकेतील गुलामगिरीचा अभ्यास हा आपल्या चळवळीला परका विषय नाही. परंतु गुलामगिरी म्हटले की चाबूक आणि साखळदंड एवढेच चित्र आपल्यापुढे उभे राहते. कचेरीतल्या शांत टेबलावर, शाई आणि टाकाच्या साहाय्याने ती कशी चालत होती, हे आपण फारसे पाहत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आपण एकच प्रश्न घेऊ : १८६१ च्या यादवी युद्धापूर्वी अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलाम बाळगणारा शेतकरी मेला, की त्याच्या गुलामांचे काय होत असे?

१. माणूस ‘मालमत्ता’ कसा झाला?

व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ साली कायदा केला की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरेल. बाप गोरा मालक असला तरी आई गुलाम असेल तर मूल गुलामच. गाईचे वासरू गाईच्या मालकाचे, हाच न्याय येथे माणसाला लागू झाला. त्यामुळे मृत्युपत्रात एखादी दासी मुलीच्या नावे करताना ‘तिला पुढे होणाऱ्या संततीसह’ असे लिहिण्याची पद्धत पडली. जन्माला न आलेले मूलही आधीच कोणाच्या तरी हिश्शात जात असे. गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. त्यामुळे वाटणी करणाऱ्यांच्या कागदावर नवरा, बायको, बाप अशी नाती नव्हतीच. होती ती फक्त नावे, वये आणि किमती.

१८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत ३९ लाख ५३ हजारांवर गुलाम होते. सगळे मालक मोठे जमीनदार होते असा आपला समज असतो, पण तो बरोबर नाही. मालकांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांकडे पाचांहून कमी गुलाम होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण वाटणीचा घाव लहान शेतकऱ्याच्या घरीच अधिक खोल बसत असे.

२. वाटणीची रीत

मालक मृत्युपत्र करून मेला असेल तर त्याप्रमाणे, नाही तर कायद्याप्रमाणे वाटणी होई. काउंटीचे, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाचे न्यायालय व्यवस्थापक नेमी. मग शेजारपाजारचे जमीनधारक पंच येऊन मालमत्तेची यादी करीत. नांगर, खाटा, भांडी, घोडे, डुकरे आणि त्याच यादीत गुलाम. प्रत्येकापुढे डॉलरमधील किंमत. राबणाऱ्या तरुणाची किंमत सर्वांत जास्त. म्हाताऱ्या माणसापुढे पुष्कळदा शून्य लिहिलेले असे.

त्यानंतर प्रथम कर्ज फेडायचे. रोकड नसली तर गुलाम विकून फेडायचे. मग विधवेचा हयातीपुरता हिस्सा काढायचा. उरलेल्याचे सारख्या किमतीचे गट पाडायचे आणि वारसांनी ते वाटून घ्यायचे, बऱ्याचदा चिठ्ठ्या टाकून. कमीजास्त झाले तर रोख देऊन भरपाई करायची. वारस अज्ञान असला तर त्याच्या वाट्याचे गुलाम दरसाल दुसऱ्याकडे भाड्याने देत.

जमीन मुलाला आणि गुलाम मुलीला, अशी वाटणीही सर्रास होई. मुलगी लग्न करून नवऱ्याबरोबर अलाबामा किंवा मिसिसिपीकडे नव्या कापसाच्या मुलखात गेली, की तिच्या हिश्शातली माणसेही शेकडो मैल दूर जात. मिसिसिपी राज्याने १८३९ साली विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा हक्क देणारा कायदा केला. स्त्रीहक्काच्या इतिहासात तो मोठा मानला जातो. पण त्या कायद्यातील बहुतेक कलमे तिच्या मालकीच्या गुलामांविषयी होती, हेही आपण विसरू नये.

३. एक सोपे गणित

विद्यार्थ्यांना समजावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. आकडे सोयीचे आहेत, रीत मात्र खरी आहे. समजा, एका विधुर शेतकऱ्यामागे तीन मुले राहिली. त्याच्याकडे एक गुलाम कुटुंब आहे : बाप ९०० डॉलर, आई ७००, मुलगा ४००, मुलगी ३००. आईची धाकटी बहीण ७००, भाऊ ८००, आणि म्हातारी आजी शून्य.

कर्ज ८०० डॉलरचे. भावाला विकले, कर्ज फिटले. उरली ३,००० डॉलरची माणसे. म्हणजे प्रत्येक वारसाला १,०००. पहिल्याला बाप मिळाला, ९००. दुसऱ्याला आई आणि मुलगी, बरोबर १,०००. तिसऱ्याला मुलगा आणि मावशी, १,१००. तिसऱ्याने पहिल्याला १०० रोख दिले आणि हिशोब पुरा झाला. आजीला कोणी ठेवून घ्यायचे एवढाच प्रश्न उरला.

या वाटणीत एका पैशाचाही अन्याय झालेला नाही, पण कोणावर? वारसांवर. आठ वर्षांचे पोर आईपासून तुटले, ते कोणत्याच रकान्यात आले नाही. कुटुंब एकत्र ठेवायचे म्हटले तर एका वारसाने २,३०० डॉलरची माणसे घेऊन इतरांना १,३०० डॉलर रोख द्यायला हवे होते. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या मुलाकडे एवढी रोकड कोठून असणार? म्हणजे वारस दुष्टच असावा लागत नसे. तो नेमस्त, देवभीरू माणूस असला तरी गणित आपले काम करीतच असे.

४. दोन मुलांची हकिकत

हे कल्पित झाले. आता इतिहास पाहू. मेरीलँड राज्यात आरन अँथनी नावाचा मालक १८२६ साली मृत्युपत्र न करता मेला. त्याच्या गुलामांत फ्रेडरिक नावाचा मुलगा होता. तो तेव्हा बाल्टिमोर शहरात कामाला होता. १८२७ साली वाटणीसाठी त्याला गावी परत आणले. वय सुमारे नऊ. म्हातारीकोतारी, तरुण, पोरे सगळी गुरांबरोबर उभी करून त्यांची पारख झाली. अँथनीचा मुलगा अँड्र्यू दारुडा आणि क्रूर होता; त्याने फ्रेडरिकच्या लहान भावाला रक्त येईपर्यंत बुटाने तुडवले होते. आपण त्याच्या वाट्याला जाऊ या भीतीने सर्वांचा थरकाप उडाला होता. फ्रेडरिक मुलीच्या, म्हणजे लुक्रेशियाच्या हिश्शात गेला आणि बाल्टिमोरला परतला. तेथे त्याने वाचनाची धडपड चालू ठेवली, १८३८ साली तो पळाला, आणि १८४५ साली त्याने आत्मचरित्र लिहिले. हाच पुढे थोर वक्ता फ्रेडरिक डग्लस झाला. वाटणीत तो दुसऱ्या हिश्शात गेला असता तर? त्याच्यासारखी किती मुले दुसऱ्या हिश्शात गेली असतील, याचा विचार आपणच करावा.

दुसरी मुलगी नॉर्थ कॅरोलायनातील हॅरिएट जेकब्स. तिच्या मालकिणीने तिला वाचायला आणि शिवायला शिकवले. मालकीण मृत्युपत्रात आपल्याला मुक्त करील अशी तिला आशा होती. १८२५ साली मालकीण वारली. मृत्युपत्राने हॅरिएट मालकिणीच्या तीन वर्षांच्या भाचीला दिली गेली. तीन वर्षांची मालकीण! खरी सत्ता अर्थात त्या मुलीच्या बापाकडे आली, आणि त्याने हॅरिएटचा छळ मांडला. ती आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षे लपून राहिली आणि १८४२ साली उत्तरेकडे निसटली.

५. मालकाची दया पुरते काय?

जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९९ च्या मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या १२३ गुलामांना पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त करावे असे लिहिले. पत्नी मार्था यांनी १ जानेवारी १८०१ रोजीच त्यांना मुक्त केले. पण त्याच शेतांवरील १५३ गुलाम मार्थाच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतले होते. त्यांना मुक्त करण्याचा अधिकार दोघांनाही नव्हता. १८०२ साली मार्था वारल्यावर ते चार नातवंडांत वाटले गेले. दोन्ही गटांत आपसांत सोयरिकी झाल्या होत्या. त्यामुळे नवरा स्वतंत्र आणि बायकोपोरे वाटणीत, अशी ताटातूट झाली.

पुढे दयेची वाटही कायद्याने अरुंद केली. व्हर्जिनियाने १८०६ साली ठरवले की मुक्त झालेल्याने बारा महिन्यांत राज्य सोडावे. म्हणजे स्वातंत्र्य हवे तर घरची माणसे सोडा! लुइझियानाने १८२९ साली दहा वर्षांखालील मुलाला आईपासून तोडून विकण्यास बंदी घातली. पण अकराव्या वर्षी आई नकोशी होते काय? मुळात माणूस मालमत्ता आहे हे गृहीत धरल्यावर अशा ठिगळांनी न्याय होत नाही.

६. मुक्तीनंतरचा शोध

डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती संमत होऊन गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतर कित्येक वर्षे निग्रो वर्तमानपत्रांतून जाहिराती येत राहिल्या : माझी आई अमक्याच्या वाटणीत गेली होती, कोणाला ठाऊक असल्यास कळवावे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नावे सहसा लिहिली नव्हती. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण. म्हणून आज त्यांचे वंशज आपली मुळे शोधतात तेव्हा त्यांना जुन्या मालकांची वाटणीपत्रेच धुंडाळावी लागतात. ज्या कागदाने पणजीला घरापासून तोडले, त्याच कागदावर तिचे नाव सापडते.

७. आपण काय घ्यावे?

भगवान बुद्धांनी अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले. त्यांत शस्त्रे, मांस, मद्य आणि विष यांच्याबरोबर प्राण्यांचा, म्हणजे माणसांचाही व्यापार आहे. सिगालोवाद सुत्तात राबणाऱ्याला शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न-वेतन द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी असे सांगितले आहे. यादीत शून्य किमतीची ठरलेली आजी या दृष्टीने पाहिली की दोन विचारांतले अंतर कळते. भारतीय संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केली आहे. ते कलम आपण पाठ करतो. त्याच्यामागे जगातील किती ताटातुटी उभ्या आहेत हेही जाणावे.

कोणतीही वाटणी, कोणताही कायदा तपासताना केवळ हिस्से समान झाले का, एवढेच विचारून भागत नाही. हिस्सेदार म्हणून कोणाला मोजले आणि वस्तू म्हणून कोणाला मोजले, हा पहिला प्रश्न आहे.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न :
(१) वरील गणितात वारसांना न्याय मिळाला, तरी एकूण अन्याय का झाला?
(२) लहान शेतकऱ्याच्या घरी गुलाम कुटुंबे फुटण्याचा धोका अधिक का होता?
(३) दयाळू मालक आणि न्याय्य कायदा यांत फरक कोणता? वॉशिंग्टन यांच्या उदाहरणावरून सांगा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!