कुत्र्यांच्या पापण्यांचा दाह

मुळशीच्या डोंगरउतारावरील कुसळी गवत पिकले म्हणजे राखणीच्या कुत्र्याच्या डोळ्यांकडे रोज लक्ष द्यावे. पापणीत कुसळ शिरले, गोचीड चिकटली किंवा त्वचेत खरजेचे सूक्ष्म किडे वाढले, तर पापणी सुजते, केस झडतात व खपल्या धरतात. कुत्रे पंजाने डोळा घासते. त्यामुळे बुबुळास जखम होऊन दृष्टी जाण्याचे भय असते.

उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून खपल्या मऊ कराव्या व हलकेच पुसाव्या. खोल रुतलेले कुसळ उपटू नये. माणसांच्या डोळ्यांचे औषध घालू नये. त्यात स्टेरॉइड असल्यास बुबुळाची जखम चिघळते. डोळा मिटलेला राहिल्यास अथवा बुबुळ पांढुरके दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यास दाखवावे.